गच्चीवरची भाजी: आधी माती, मग रोपं

सकाळचे सव्वासहा. डब्याला भाजी काय करायची हे ठरलेलं नसतं. मी कात्री घेऊन गच्चीचा जिना चढते. भेंडीची दहा रोपं आहेत, दिवसाआड पंधरा-वीस भेंड्या निघतात. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघितलं की भाजीवाल्या मावशी डोळे वटारतात; इथे हवी तितकी टोकं मोडा. एक भेंडी तिथेच उभ्या उभ्या कच्ची खायची, ती माझी तोडणीची मजुरी. बाकीच्या वीस मिनिटांत कढईत.

पैशांचं आधीच सांगून टाकते. घरची भाजी स्वस्त पडत नाही. पहिल्या वर्षीचा माझा टोमॅटो हापूसच्या भावाने पडला असेल. पण तोडल्यापासून वीस मिनिटांत शिजलेली मेथी कशी लागते, हे एकदा कळलं की तो हिशेब आपोआप सुटतो.

पहिल्या वर्षी मी हौसेने वीस रोपं आणली आणि गावाकडच्या शेतातली काळीभोर माती पोत्यातून आणून कुंड्यांत भरली. पावसात कुंडीत चिखल झाला, ऑक्टोबरच्या उन्हात त्याची वीट झाली, विटेला भेगा पडल्या आणि भेगांतून पाणी सरळ खाली निघून जाऊ लागलं. वीसपैकी दोन रोपं तगली, त्यातली एक तुळस. सासरे बघायला आले आणि म्हणाले, "रोपं आणलीस, पण माती कुठे आणलीस?" मी म्हटलं, "ही काय, तुमच्याच शेतातली!" तर म्हणाले, "शेतात तिच्याखाली आणखी पाच-दहा हात जमीन असते. इथे खाली फरशी आहे."

पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या एका वाक्याभोवती फिरतं. मी पुण्यात राहते, त्यामुळे महिने आणि हवामान पुण्याचं आहे. कोकणात पावसाचा आणि विदर्भात उन्हाचा हिशेब थोडा वेगळा धरावा.

गच्ची आधी नीट बघा

रोपवाटिकेत जायच्या आधी एका सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीत फेरी मारा आणि ऊन कुठे पडतं ते खडूने आखून ठेवा. फळभाजीला, म्हणजे टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेलवर्गाला, रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. पालेभाजी तीन-चार तासांवरही भागवते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे जूनमध्ये उन्हात असलेला कोपरा डिसेंबरमध्ये शेजारच्या इमारतीच्या सावलीत जाऊ शकतो. बाल्कनी उत्तरेची असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडा. पुदिना, पालक, गवती चहा लावा.

मग वजन. ओली माती लिटरला साधारण दीड किलो भरते. २०० लिटरचा ड्रम आडवा कापून अर्धा केला आणि त्यात नुसती माती भरली, तर १५० किलो झाले. माणसं वावरतात अशा गच्चीचा स्लॅब आखताना चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. एकट्या अर्ध्या ड्रमाने एका चौरस मीटरचा सगळा वाटा खाल्ला! म्हणून जड कुंड्या कठड्याच्या कडेने, खाली तुळई असेल त्या रेषेवर ठेवा, मधला भाग मोकळा राहू द्या आणि कुंडी हलक्या मिश्रणाने भरा. इमारत जुनी असेल, गळत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ड्रम वर चढवू नका.

कुंडी थेट फरशीवर ठेवू नका. खाली विटा किंवा लोखंडी स्टँड द्या, म्हणजे पाणी वाहून जातं, झाडू फिरतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक तुमच्याशी बोलत राहतात. सोसायटीची सामाईक गच्ची असेल तर परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगी पहिल्या पावसात, छताला पहिला ओला डाग दिसला की विसरली जाते. डाग जुनाच असला तरी.

कशात लावायचं

शोभेच्या कुंड्या शोभेसाठीच चांगल्या. भाजीला खोली लागते. मेथी, कोथिंबीर, पालक यांना सहा इंच पुरतात, म्हणून भाजीचे जुने क्रेट आतून शेडनेट, म्हणजे ऊन अडवायची जाळी, लावून वापरा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडीला एक फूट. रंगाची २० लिटरची बादली एका रोपाला बरोबर होते, मात्र आतला रंग पुरता खरवडून घ्या. दुधी, दोडका, कारली यांना दीड फूट खोल आणि ऐसपैस जागा हवी. फळझाडाला अर्धा ड्रम. ड्रम भंगारवाल्याकडून घेताना त्यात पूर्वी काय होतं ते विचारा. खाद्यतेल किंवा सरबताचा अर्क असेल तर घ्या. रसायनाचा असेल तर कितीही धुतला तरी नको.

भोकं तळाला पाडतातच, पण ड्रमला बाजूनेही, तळापासून इंचभर वर, चार-पाच पाडा. तळाची भोकं बुजली तरी पाणी तुंबत नाही. भोकांवर नारळाची शेंडी ठेवा.

माती म्हणजे निम्मी बाग

माझं आत्ताचं मिश्रण मापाने सांगते, घमेलं हेच माप. कुजत आलेला पालापाचोळा तीन घमेली, कंपोस्ट दोन, लाल माती एक. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या शेंडीचा भुसा, मिळत असेल तर पाल्यातलं एक घमेलं कमी करून ते घाला, पण आधी भिजवून, पाणी बदलून, पिळून घ्या; त्यात क्षार असतात. एवढ्या मिश्रणाचं वजन, ओलं असतानाही, नुसत्या मातीच्या जवळपास निम्मं भरतं.

लोकांना माती इतकी कमी बघून धास्ती वाटते. झाडाला कुंडीत माती हवी असते ती मुळांना धरायला आणि थोडी खनिजं द्यायला. पाणी धरणं, हवा खेळती ठेवणं, जीवाणू जगवणं हे काम कुजलेला पाला करतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चिपाडावर, जवळजवळ मातीशिवाय, गच्चीत भाज्या नि फळझाडं वाढवून दाखवली होती. चिपाड आजही कोपऱ्यावरच्या रसवंतीत फुकट मिळतं, न्यायला आलात म्हणून रसवंतीवाला उलट आभार मानतो. फक्त ताजं चिपाड वापरलं तर मुंग्यांची वारी लागते. महिनाभर उघड्यावर भिजू-वाळू द्या, मग ड्रमच्या तळाला सहा इंच भरा.

पालापाचोळ्यासाठी जानेवारी ते मार्च हा सुगीचा काळ. झाडलोट करणारे लोक पाल्याचे ढीग लावून ठेवतात आणि काही ठिकाणी ते पेटवतातही. दोन पोती घेऊन सकाळी लवकर जा. शिरीष, गुलमोहोर, बहावा यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, वड यांची जाड पानं वर्षभर तशीच राहतात, ती तळाला घाला. पाला पोत्यात दाबून भरायचा, वरून ताक घातलेलं बादलीभर पाणी ओतायचं, तोंड बांधून सावलीत ठेवायचं. चार-सहा महिन्यांनी पोतं उघडलं की पावसाळी रानासारखा वास येतो. तो वास आला की माती झाली असं समजा. नाक झोंबलं तर अजून वेळ आहे.

कुंडी भरताना काठोकाठ भरा. मिश्रण महिन्याभरात तीन-चार इंच खाली बसतंच. बसलं की वरून पुन्हा कंपोस्ट आणि त्यावर सुक्या पाल्याचं आच्छादन. कुंडीतली माती कधीही उघडी ठेवू नका. एप्रिलमध्ये उघड्या मातीला हात लावून बघा, आणि आच्छादनाखाली बोट घालून बघा.

स्वयंपाकघरातला कचरा

चौघांच्या घरात रोज अर्धा-पाऊण किलो ओला कचरा निघतो. त्यासाठी महागडं यंत्र नको. २० लिटरच्या दोन झाकणाच्या बादल्या घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाला तीन इंच सुका पाला, त्यावर दिवसाचा कचरा चिरून, त्यावर कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला. सुरुवातीला एक वाटी आंबट ताक किंवा मूठभर जुनं कंपोस्ट विरजण म्हणून. तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करा. एक बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करा. दुसरी भरेपर्यंत, दीड-दोन महिन्यांत, पहिली तयार होते.

वास आला तर नव्वद टक्के वेळा ओल जास्त झालेली असते. पाला घाला, ढवळा, दोन दिवसांत वास जातो. मुंग्या आल्या तर उलटं, कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. मळकट पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या कचराच खातात आणि पुढे निघून जातात. उरलेला आमटीभात, तेलकट भाज्या, हाडं मात्र घालू नका. मी घातलं होतं. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि "तुमच्याकडे काही मेलंय का?" असं अगदी काळजीने विचारून गेल्या.

काय लावायचं आणि कधी

पहिल्या हंगामात पाचच प्रकार. मेथी, कोथिंबीर, मिरची, भेंडी किंवा टोमॅटो, आणि एक वेल. यादी मोठी केली की लक्ष पातळ होतं.

पाऊस सुरू व्हायच्या जरा आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, भेंडी, दुधी, दोडका, काकडी, गवार, चवळी टोकायची, म्हणजे बोटाने खळगा करून एकेक बी घालायचं. याच काळात अळू आणि मायाळू लावा. पावसात ही दोघं माजतात. पूर्वी मोरीचं पाणी जिथे परसात जायचं तिथे अळू नि केळ हमखास असायची, कारण दोघांनाही पाय ओले लागतात. गच्चीत अळूला तळाला भोक नसलेला टबही चालतो. वडीसाठी काळ्या देठाचं मागून घ्या. कोथिंबीर मात्र भर पावसात सडते. जुलैत कोथिंबीर नाही आली म्हणून स्वतःला बोल लावू नका.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं टाका. गणपती उठले की ती कुंडीत हलवायची. दसऱ्यापासून थंडीपर्यंत पालेभाज्यांची चंगळ: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, चाकवत. हा गच्चीचा सोन्याचा काळ, नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत उन्हाळी भेंडी, काकडी, गवार आणि दुधी-दोडक्याची दुसरी फेरी. एप्रिल-मेमध्ये हिरवं ५० टक्के शेडनेट बांधा, जगलंय ते जगवा, नवीन काही लावू नका.

बियाण्यात भेंडीपुरतं एक नक्की सांगते. शिरा पिवळ्या पडून पान जाळीदार दिसू लागतं, त्याला हळद्या म्हणतात. पांढरी माशी तो विषाणू पसरवते आणि त्याला औषध नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती किंवा बंगळूरच्या संस्थेची अर्का अनामिका अशा त्या रोगाला तोंड देणाऱ्या जाती म्हणूनच निवडायच्या.

पेरणी

मेथीदाणे किराणा दुकानातले चालतात. रात्रभर भिजवा, सकाळी क्रेटमध्ये दाटसर पसरा, वर अर्धा इंच कंपोस्ट. चौथ्या दिवशी अंगठे काढल्यासारखी वर येतात, २५ ते ३० दिवसांत जुडी. धणे पेरताना ते चपलेच्या तळव्याने हलके रगडून दोन फाकळ्या करा. एका धण्यात दोन बिया असतात. मग आठ-दहा दिवस काही दिसणार नाही. सातव्या दिवशी वैतागून माती उकरून बघणारे लोक मी पाहिलेत, त्यात मी होते. पालक ३०-३५ दिवसांनी देठावर दोन बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटतो, तीन-चार कापण्या मिळतात.

सगळा क्रेट एकदम पेरू नका. दर दहा दिवसांनी एक क्रेट पेरला की एकाच आठवड्यात मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीची डाळ आणि शेजाऱ्यांना मेथी अशी वेळ येत नाही.

भेंडी, वेल, मुळा, गवार जागच्या जागीच टोका. यांना मुळं हलवलेली आवडत नाहीत. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, याहून खोल नको. कारल्याचं बी टणक असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून टोकाला नखकटरने किंचित कापा. टोमॅटो, वांगी, मिरची यांची मात्र आधी रोपं करा, चार-पाच पानांची झाली की संध्याकाळी हलवा. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल गाडा, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. वांगी-मिरचीला हे करू नका, पूर्वीच्याच खोलीवर लावा.

टोमॅटोला लावतानाच काठी रोवा. नंतर रोवली की मुळं तुटतात. पान आणि खोड यांच्या बेचक्यात जी फूट येते ती बोटभर असतानाच खुडा, निदान खालच्या दोन फुटांपर्यंतची; हवा खेळती राहते, रोग कमी येतो. फळाचा तळ काळा पडून बसला तर ती कीड नाही. पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस काहीच नाही, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. औषध शोधण्यापेक्षा पाण्याची वेळ सांभाळा.

दुधीचं लग्न

वेल हा गच्चीतला सगळ्यात मजेचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळते.

कठड्याच्या खांबांना तारा बांधून सुतळीची जाळी करा. कठड्याबाहेर लोंबणारा दुधी खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडू शकतो, त्यामुळे मांडव आतल्या बाजूला. दुधीला सुरुवातीला नुसती नरफुलं येतात, बारीक लांब देठावर. पंधरा दिवस नरफुलं बघून लोक कंटाळतात. मादीफूल ओळखायला सोपं: फुलाच्या मागे अंगठ्याएवढा लवदार दुधी आधीच तयार असतो.

मादीफुलं वाढवायची युक्ती म्हणजे शेंडा खुडणे. मुख्य वेल पाच-सहा फूट झाला की शेंडा खुडा. बाजूला फांद्या फुटतात. त्यांचेही शेंडे दहा-बारा पानांवर खुडा. मग जी तिसऱ्या पिढीची फूट येते तिच्यावर मादीफुलं जास्त धरतात. बागवाले याला थ्री जी कटिंग म्हणतात. मोबाईलशी संबंध नाही, जी म्हणजे जनरेशन.

आता अडचण. दुधीचं पांढरं फूल दिवस मावळताना उमलतं आणि सकाळपर्यंत मलूल होतं. रात्रीचे पतंग त्याचं परागीकरण करतात. शहरात चौथ्या मजल्यावर पतंग येईलच असं नाही. पहिल्या मोसमात माझे सात दुधी अंगठ्याएवढेच पिवळे पडून गळाले. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता मोबाईलची बॅटरी लावून मी वर जाते. ताजं उमललेलं नरफूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, मधला पिवळा दांडा बोटाला लावून बघायचा. पिवळी पूड लागली तर चांगलं. तो मादीफुलाच्या मधल्या तीन भागांच्या चकतीवर हलके फिरवायचा, तिन्ही भागांना लागेल असा. दुसऱ्या दिवशी काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी देठ जाड होऊन दुधी खाली मान घालतो आणि त्याची लकाकी वाढते. ती मान बघितली की मी घरात येऊन जाहीर करते. घरचे सवयीने "बरं" म्हणतात.

दोडक्याचं फूलही संध्याकाळचं. कारलं, काकडी आणि लाल भोपळा सकाळचे. भोपळ्याला तर अगदी पहाटे गाठावं लागतं. जास्तीची नरफुलं वाया घालवू नका, भोपळ्याच्या फुलांची डाळीच्या पिठातली भजी करा. मादीफूल चुकून तळलं तर भोपळा तळला असं समजा.

दुधी धरल्यापासून बारा-पंधरा दिवसांत तोडायचा, नख सहज रुतेल तोवर. मोठा करायचा मोह आवरा. वेलावर एक फळ जून होत राहिलं की वेल नवीन फळं धरायची थांबतो.

पाणी

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नको. कुंडीतली झाडं तहानेने जितकी मरतात त्याहून जास्त बुडून मरतात, आणि दोन्ही वेळा पान सारखंच मलूल दिसतं, म्हणून बोट घालणं आलंच. पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी जरूर घाला. गावाला जाताना कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, आच्छादन दुप्पट करा, मोठ्या कुंड्यांत पाण्याच्या बाटल्यांना बारीक भोक पाडून उलट्या रोवा. चार दिवस निघतात. आठ निघत नाहीत.

खाणारे दुसरेही आहेत

औषध फवारण्यापेक्षा रोजची फेरी जास्त कामाची. सकाळचा चहा मी गच्चीतच पिते, आणि पानं उलटून बघते. किडीचं घर पानाच्या पाठीला असतं. मावा दिसला तर पहिल्या दिवशी तो बोटाने पुसून निघतो, आठव्या दिवशी सगळा शेंडा त्याचा झालेला असतो. पिठ्या ढेकूण कापसासारखा बेचक्यांत बसतो; जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. त्याच्यासोबत मुंग्या असतातच. त्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, म्हणून मुंग्यांची वाटही तोडा.

नेहमीची फवारणी: एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळायला चमचाभर सौम्य द्रव साबण. संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंनी, आठ दिवसांच्या अंतराने. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आधी दोन पानांवर करून बघा. वेलाच्या पानांवर पिठासारखी भुरी आली तर एक भाग दूध, नऊ भाग पाणी फवारा. सुरुवातीलाच केलं तर उपयोग होतो.

मिरचीची पानं होडीसारखी वळून गोळा झाली की त्याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. सुरुवात असेल आणि फुलकिडे किंवा कोळी नावाची बारीक कीड असेल तर कडुनिंबाने आटोक्यात येतं. शेंडा पार आखडला असेल तर रोप उपटून टाका. हे मला तीन वर्षं जमलं नाही. एका आजारी मिरचीवर दया दाखवून मी सहा मिरच्या घालवल्या.

लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी सापडेल. ती पुढे हिरवी, जाड होते, डिवचलं की लाल शिंगं काढते आणि भयंकर वास सोडते. रोप लहान असेल तर उचलून कढीपत्त्यावर ठेवा, तिला तोही चालतो. झाड मोठं असेल तर एक-दोन राहू द्या. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होऊन ती तुमच्याच गच्चीत भिरभिरते.

फळझाडं

भाजीत एक वर्ष नीट गेलं की मगच फळझाड. पुण्यात बसून पेरू नि डाळिंब लावायचं तर आपल्या गावाचाही जरा अभिमान बाळगावा. सरदार, म्हणजेच लखनौ-४९, नावाने उत्तरेचा वाटतो, पण तो १९२७ मध्ये इथल्याच गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमांनी निवडलेला पेरू. गणेश डाळिंबही तिथलंच, १९३६ सालचं. दोन्ही अर्ध्या ड्रममध्ये जमतात.

कलम विश्वासू जागेवरूनच घ्या. कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिका पावसाळ्याच्या तोंडाला कलमं विकतात. लावताना कलमाचा जोड मातीच्या चार बोटं वर राहिला पाहिजे. जोडाखालून येणारी फूट दिसली की लगेच काढा. ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची असते, जोमाने वाढते, आणि दोन वर्षांनी कळतं की आपण खुंट वाढवला, कलम कधीच मेलं.

पेरू नव्या फुटीवर धरतो, म्हणून फळं संपली की फांद्यांची टोकं हात-हातभर छाटा आणि दोन घमेली कंपोस्ट द्या. फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी किंवा जुन्या ओढणीच्या कापडाची थैली बांधा. न बांधलेल्या पेरूत फळमाशीच्या अळ्या, आणि त्यातून वाचलेला पोपटाला. कागदी लिंबाचं गुटी कलम, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, दोन-तीन वर्षांत फळतं. पपई सगळ्यात लवकर, नऊ-दहा महिन्यांत. पण साध्या जातीत नर झाड निघू शकतं म्हणून तीन रोपं लावून फुलं आल्यावर एक ठेवा. पपईच्या बुडाशी पाणी थांबलं की ती एका रात्रीत मान टाकते. अंजिरालाही ड्रम मानवतो. सासवडच्या बाजूला जाणं झालं तर रोप घेऊन या.

आंबा, फणस, नारळ गच्चीत लावा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मुळं कुंडीचं भोक सोडून स्लॅबमध्ये वाट शोधतात.

बी धरणं

प्रत्येक भाजीतलं एक फळ बियाण्यासाठी सोडा, सुरुवातीच्या बहरातलं आणि सगळ्यात जोमदार रोपावरचं. पाकिटावर एफ-१ किंवा हायब्रीड लिहिलेलं असेल तर हे करू नका, पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही. भेंडी झाडावरच वाळून करकरीत होऊ द्या, शिरा उकलायला लागल्या की काढा. दुधी वेलावर पिवळसर, लाकडासारखा होऊ द्या. हलवून बघितला की आत बिया खुळखुळतात. टोमॅटोचा गर वाटीत दोन दिवस आंबवा, वर फेस येतो, धुवा, तळाला बसलेल्या बियाच ताटलीत वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात.

मुळ्याचे दोन कांदे उपटायचे राहिले तर राहू द्या. त्यांना फुलं येतील, मग शेंगा. त्या डिंगऱ्या कोवळ्या असताना निम्म्या तोडून भाजी करा, निम्म्या बियाण्याला.

वाळलेल्या बिया गाळलेल्या राखेत घोळवून कागदी पाकिटात, पाकिटं काचेच्या बरणीत. पाकिटावर नाव, महिना आणि कुणाकडून आलं ते लिहा. माझ्या बरणीत एक पाकीट आहे, त्यावर लिहिलंय: "वाल. नक्की कुठला माहीत नाही. खालच्या काकू." कंपोस्टच्या वासाला वर आलेल्या त्याच. या जूनमध्ये टोकणार आहे.